बॉनेटवरच्या रेघा

नव्या गाड्यांची शोरूमं परळीपर्यंत आली तरी सिद्धारामनं वडलांची जुनी पिकअपच नीट करायला काढली. अप्पा रोज बॉनेटवर तीन बोटांनी विभूती ओढत, उरलेली कपाळाला लावत, मगच चावी फिरवत. वर्षानुवर्षं बोटं फिरून तिथला रंग झिजला होता. अप्पा गेले, तीन फिकट रेघा राहिल्या. मूळचं काही बदलायचं नाही, हे पेंटरला बजावलं होतं; रेघांचं तेवढं सांगायचं राहिलं. सकाळी येऊन बघतो तर बॉनेट आभाळासारखं निळं. "ओरखडे होते मालक, बुजवले," पेंटर खुशीत म्हणाला. "आता कळत बी न्हाईत." सिद्धाराम निळाईत बघत राहिला. खोल आत अप्पा उभे असल्यासारखं वाटलं. हात आपसूक पुढं गेला. "रंग वला हाय," पेंटर म्हणेस्तोवर तीन बोटं फिरली होती. बोटांवर उरलेला रंग कपाळाला लावून सिद्धारामनं चावी फिरवली.