उलट्या गाठी

भाऊ समुद्रात बुडाला, प्रेत मिळालं नाही. वहिनीने वाट पाहणं सोडावं म्हणून त्याचं अर्धवट जाळं मीच संग्रहालयाला देऊन टाकलं. जिवंतपणी ज्याला कुणी दारात उभं केलं नाही, त्याचं जाळं तिथे काचेच्या कपाटात 'किनाऱ्याचा वारसा' झालं.

आज संग्रहालयाचे साहेब माझ्यावरच उखडले. "किल्ली माझ्याकडे, मग हे जाळं रोज वाढतंय कसं?"

"चोर माल नेतात साहेब, विणून देत नाहीत," म्हणत मी वाकून पाहिलं. नव्या गाठी उलट्या होत्या, डावखुऱ्याच्या. गावात डावखुरा भाऊ एकटाच.

साहेबांनी कपाट उघडलं. सोबत आलेल्या वहिनीने लोंबतं सूत हातात धरलं. सुताला दोन हिसके बसले. सूत कमी पडलं की विणणारा असेच हिसके देतो.

"देते हो, जरा दम धरा," म्हणत वहिनीने अंगावरची शाल उसवायला घेतली.