दर्याची वाव

दोर मोजताना भागोजीचे ओठ वीस वेळा हलले. हात मात्र एकवीस वेळा पसरले.

निशिगंधाने पडवीतून ते पाहिलं. पसरलेल्या दोन हातांची एक वाव. तिला वाटलं, आपणच मोजायला चुकलो. भागोजीने, तिच्या वडिलांनी, गाठ मारली आणि पुढचे वीस सुरू केले. पुन्हा ओठ वीस, हात एकवीस.

तिच्यासमोर लॅपटॉपवर बैठक चालू होती. ध्रुवीय संशोधनाचा वीस वर्षांचा आराखडा, त्यातले चोवीस मुद्दे आणि प्रत्येकासमोर एकच शेरा: पूर्ण, अपूर्ण किंवा रद्द. अकरावा मुद्दा तिचा होता. अंटार्क्टिकात तरंगत्या बर्फाला भोक पाडून तिने शंभर वावांचा दोर समुद्रात सोडला होता. दर वीस वावांवर गाठ, दर गाठीला तापमापक. अकरा वर्षांच्या त्या नोंदी शेजारच्या संशोधन तळावरच्या नोंदींशी कधीच जुळल्या नाहीत. जितकं खोल जावं तितका फरक जास्त. दर आढाव्यात ती म्हणे, "अजून नाही."

"निशिगंधा, यंदा पुन्हा अपूर्ण लिहिता येणार नाही," अध्यक्ष योगिनी मॅडम म्हणाल्या. "तापमापक सदोष होते असं नोंदवून रद्द करू या. मलाही वाईट वाटतंय."

"दोन मिनिटं द्या." तिने माइक बंद केला.

"आबा, वीस झाल्यावर आणखी एक वाव कसली घेतोस?"

"ती दर्याची गो. ती मोजायची नस्ते." भागोजीने मान वर केली नाही. "दोर भिजला की आखडतो. माझा बापूस असाच मोजी."

"हल्लीचा दोर कुठे आखडतो?"

"हाताला काय ठाऊक?"

अंटार्क्टिकाचा दोरही याच हातांनी मोजला होता. तिने तेव्हा त्याची फक्त एक वाव टेपने मोजली होती. एक मीटर सत्तर सेंटिमीटर. बाकी सगळा गुणाकार.

तिने माइक चालू करून संस्थेतल्या सहकाऱ्याला हाक मारली. "गुरुप्रसाद, परत आणलेला दोर तिथेच कोठारात आहे ना? दोन गाठींमध्ये टेप लाव. चौतीस मीटर भरायला हवेत."

सगळे थांबले. गुरुप्रसाद धापा टाकत परत आला.

"पस्तीस मीटर सत्तर, ताई. तीन ठिकाणी मोजलं. तेवढंच."

म्हणजे सगळ्यांत खालचा तापमापक साडेआठ मीटर जास्त खोल होता. तिने पाचही तापमापकांची खोली दुरुस्त केली आणि आलेख सगळ्यांना दाखवला. अकरा वर्षं एकमेकींपासून फटकून चाललेल्या दोन रेषा वरपासून खालपर्यंत एकीवर एक बसल्या. तापमापक एकदाही चुकले नव्हते.

भागोजी मागे येऊन उभा होता. "एवढी शिकलीस, नि एक वाव मोजून शंभर धरलीस?"

बैठकीत हशा पिकला. ती सगळ्यांत मोठ्याने हसली.

"मग काय लिहू?" योगिनी मॅडमनी विचारलं.

"खुलाशात लिहा, दर विसाला एक वाव दर्याची," निशिगंधा म्हणाली. "आणि अकरावा मुद्दा, पूर्ण."