पप्पूचं जुनं विंडोज

मोबाईलवर बैल मुंगीएवढे दिसतात, म्हणून कुंडलच्या बियाणं कंपनीची गावोगाव फिरणारी पोरं कंपनीच्या लॅपटॉपवर बैलगाडी शर्यती बघायची. मालक भूपालअण्णा वैतागले. त्यांनी आधी स्वतःच्या आणि मग सगळ्यांच्या लॅपटॉपात असा फिल्टर बसवला, की माणूस उंब्रजला असो नाहीतर म्हसवडला, शर्यतीची साइट म्हणून उघडेना.

सुटला तो एकटा पप्पू. त्याच्या लॅपटॉपातलं विंडोज इतकं जुनं, की फिल्टर त्यावर चालेचना.

"नवा घेऊन देतो रं," अण्णा म्हणाले.

"कशाला अण्णा? ह्यो लय दणकट हाय. कंपनीचा खर्च कशाला वाढवायचा?" असं म्हणून पप्पू खुशाल शर्यती बघत राहिला.

कंपनीच्या वर्धापनदिनी अण्णांनी भर मांडवात पप्पूला फेटा बांधला. "असा काटकसरी गडी दुसरा न्हाई!" टाळ्या पडल्या आणि बक्षीस म्हणून पप्पूच्या हातात कोरा करकरीत लॅपटॉप आला, फिल्टरसकट. पप्पूचं तोंड एवढंसं झालं.

 

जुना लॅपटॉप काखेत मारत अण्णा त्याच्या कानाशी लागले, "ह्यो आता माझ्या केबिनात राहू दे. सरक, फायनल सुटायची वेळ झाली."