डावा स्पीकर

अकलूजचे उदयसिंह सोलापुरात मल्लिकार्जुनच्या कार ऑडिओच्या दुकानात तिसऱ्यांदा आले, ते भांडायलाच. "डावा स्पीकर अजून बारीकच वाजतोय. सगळ्यात महागातली वायर घातली, तरी फरक न्हाय. मला येडा समजतोस काय?"

"साधी वायर पुरती, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की," मल्लिकार्जुनही तापला. त्याने दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली, वायरीही बदलल्या. तरी उदयसिंहांना डावीकडूनच कमी ऐकू येई. शेवटी वैतागून तो स्वतः गाडीत बसला, तर दोन्हीकडचा आवाज अगदी सारखा.

तो खाली उतरला आणि म्हणाला, "साहेब, जरा सीटवर मागं तोंड करून बसा."

धुसफुसत उदयसिंह वळून बसले. गाणं तेच होतं, आवाजही तेवढाच. त्यांनी रागाने दारावर हात आपटला. "डावा आता खणखणीत वाजतोय, पण चांगला चाललेला उजवा बिघडवलास की."



मल्लिकार्जुनचा राग तिथंच विरला. तो त्यांच्या उजव्या कानाजवळ गेला आणि म्हणाला, "साहेब, गाडी राहू द्या हितंच. आधी कानाच्या डॉक्टरकडं जाऊन येऊ."