काळी काच

"हे बघा बाबा, हलकं हाय," म्हणत मेघानं तिसरं हेल्मेट दामूच्या पुढ्यात ठेवलं.

दामूनं ते बोटांनी चाचपलं आणि नाक मुरडून खाली ठेवलं. "मला कशाला गं असलं सोंग? टाका मारताना डोळं मिटायचं, झालं. बाकी वेल्डिंग आमी कानानं करतो. भजी तळल्यावानी आवाज आला की जोड पक्का."

"आणि रात्री बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून विव्हळतं कोण?"

जन्मभर दामूनं लोकांची गेटं आणि ग्रिलं जोडली, ती गॉगल लावून. तोही घामानं घसरतो म्हणून निम्मा वेळ खिशात. आता डोळे जायच्या आत त्याला वळण लावायचंच, असं ठरवून मेघा त्याला हट्टानं खालापूरला घेऊन आली होती. हायवे ओलांडताना बापानं तिचं कोपर घट्ट धरलं होतं. ती मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच तो असा लाडात आला, म्हणून तिला बरंही वाटलं होतं.

दुकानदार योगेंद्रनं वरच्या फळीवरून चौथं हेल्मेट काढलं.

"काका, ही काच आपोआप काळी होते. एरवी सगळं दिसतं, जरा हिरवट. उजेड पेटला की लगेच काळोख. घाला, लायटर पेटवून दाखवतो."

लेकीच्या समाधानासाठी दामूनं ते डोक्यात घातलं. योगेंद्रनं खण उघडून लायटर शोधला, काचेसमोर धरला.

"लै भारी!" आतून दामूचा आवाज आला. "कायच दिसत नाय. काच पायजे तर अशी!"

योगेंद्रचा अंगठा होता तिथंच थांबला. त्यानं आधी हातातल्या न पेटलेल्या लायटरकडं पाहिलं, मग मेघाकडं.

हायवेवर कोपरात रुतलेली बापाची बोटं मेघाला आठवली. तो लाड नव्हता.

"पेटवलास ना रं?" दामूनं विचारलं.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. चारचौघांत बापाला उघडं पाडणं तिच्या जिवावर आलं. तिनं योगेंद्रला मानेनंच नको म्हटलं.

"पेटवलाय, बाबा."

योगेंद्रनं लायटर तसाच खणात टाकला.

"मग हेच घे," दामू खुशीत म्हणाला. "तुझंच खरं गं पोरी. डोळं तरी वाचतील."