कुलूपबंद केबिन

मालक म्हणजे कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारा माणूस. कोणाकोणाला नोकरीवरून काढायचं, ती फाईल ऑफिसात उघडायची सोय नव्हती. काचेच्या केबिनबाहेर सगळ्यांच्या माना लांब. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं आणि ऑफिसच्या फायली घरून उघडतील असं करून मागितलं. पण त्याचा तरी काय भरवसा? त्यांनी स्क्रीन काचेकडे फिरवली आणि बाहेर बसलेल्या हेडक्लार्कना बजावलं, “हा आत काय काय उघडतो, बघत राहा.”

“हा कॉम्प्युटर चालूच ठेवा. घरून तुम्ही हाच चालवणार आहात,” काम संपवून कॉम्प्युटरवाला म्हणाला. मालकांनी तो होता तसाच चालू ठेवला, केबिनला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून घर गाठलं.

घरी दार लावून त्यांनी फाईल उघडली. चार नावं वाचली आणि मनात पाल चुकचुकली. हेडक्लार्कना फोन लावला.

“केबिनमध्ये कोणी शिरलं नाही ना?”

“छे हो साहेब, कुलूप जसंच्या तसं आहे. माझं नाव वाचून झालं, पण तुम्ही जरा सावकाश खाली सरकवा. मागे उभे आहेत त्यांना दिसत नाहीये.”