पान्हा

नवऱ्याला एचआयव्ही निघाला, तेव्हा रेणुकालाही रक्त तपासायला हुबळीच्या दवाखान्यात बोलावलं. तिचाही निकाल तोच आला.

"पोटुशी होते तवा तपासलं की. तवा काय नव्हतं," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"लागण नंतर झालीय," समुपदेशन करणाऱ्या बाईंनी तिचा हात धरला. "गोळ्या आजच सुरू करू. बाळ अंगावर पितं?"

"व्हय."

"दुधातून त्यालाही लागू शकते. आजच घेऊन या, त्याचंही रक्त बघू."

एवढ्यात घरून धाकट्या जावेचा, ज्योतीचा फोन आला. "अक्का, कधी येतेस? वाटीनं पाजलं तर थुंकतोय. रडून रडून बेजार झालाय बघ."

फोनमधलं ते रडणं कानावर पडलं आणि रेणुकाला पान्हा फुटला. तिनं दोन्ही हातांनी छाती गच्च दाबून धरली, तरी पोलकं भिजतच गेलं.

"रडतोय तोच ना तुमचा मुलगा?" बाईंनी हळूच विचारलं.

"मला पोरगी हाय, बाई. ह्यो ज्योतीचा. तिला दूध आलं न्हाई, म्हणून तिनं आपल्या हातानं पाजायला माझ्या पदरात घातला."